फुटलं असन तं वेच

कपाशीच्या वेचणीला नवी बाई आली की आई तिला एकच वाक्य सांगायची. "फुटलं असन तं वेच, नाही तं राहू दे." नागपूरकडच्या हिंगण्याजवळ आमच्या काळ्या रानात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. एवढंच सांगायचं, की बाई ओळीला लागायची. त्यात सांगण्यासारखं आणखी काही असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मग परवाच्या दिवाळीच्या सुट्टीत दहावीतला भाचा घरी आला आणि त्याने संगणकावर शेत केलं. नऊ घरं लांब, नऊ घरं रुंद. त्यावर एक चौकोनी यंत्र तरंगत होतं. ते एका घरावर थांबायचं, खाली पाहायचं, पिकलेला गहू कापायचं, तिथेच नवं बी टाकायचं आणि पुढे सरकायचं. पिकलं नसेल तर नुसतंच पुढे जायचं. त्याने मला त्या यंत्राला दिलेल्या सूचना उघडून दाखवल्या. मधोमध एक ओळ होती. मराठीत सांगायचं तर: पिकाचं वय ७ असेल तर काप आणि पेर, नसेल तर पुढे चल.

माझ्या आईचं वाक्य एका यंत्राच्या पोटात लिहिलेलं मी पाहत होतो. त्या क्षणापासून मी त्या शेताच्या मागे लागलो. जे समजलं ते इथे मांडतो आहे, कारण ते एकट्याने समजून घेऊन गप्प बसण्यासारखं नाही.

कासव कुठून आलं

भाच्याने शेत केलं तो खेळ म्हणजे माइनक्राफ्ट. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी तो २००९ साली लोकांपुढे आणला आणि नोव्हेंबर २०११मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. अंगणात वाळूचा ढीग पडला की पोरं त्यातून विहीर, किल्ला, रस्ता काहीही करतात. हा खेळ तसाच, फक्त वाळूच्या जागी ठोकळे: मातीचे, दगडाचे, पाण्याचे. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. हवं ते खोदा, हवं ते रचा.

या खेळात बाहेरचे लोक स्वतःची भर घालतात, तिला मोड म्हणतात. डॅनियल रॅटक्लिफ यांनी डिसेंबर २०११मध्ये अशी एक भर घातली, कॉम्प्युटरक्राफ्ट. आज इतर लोक 'सीसी: ट्वीक्ड' या नावाने तिची पुढची आवृत्ती चालवतात. तिने त्या ठोकळ्यांच्या जगात खरेखुरे संगणक आणले. त्यांच्यावर तुम्ही सूचना लिहायच्या आणि त्यांनी त्या पाळायच्या. त्यातल्याच एका चालत्या संगणकाचं नाव टर्टल, म्हणजे कासव; भाच्याच्या शेतावर तरंगणारं यंत्र ते हेच. लोखंडाच्या ७ विटा, एक संगणक आणि एक पेटी एकत्र केली की कासव तयार होतं. त्याच्या पोटात १६ कप्पे असतात. हातात हिऱ्याची कुदळ दिली की ते शेती करू लागतं.

कासवच का? आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, पण या कासवाचं कूळ वेगळं आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने १९४८-४९च्या सुमारास उजेडाकडे आपणहून सरकणारी दोन छोटी यंत्रं बांधली, त्यांना तो कासवं म्हणायचा. पुढे १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकभाषा तयार केली. तिच्यातही जमिनीवर चालणारं एक कासव आलं. शाळेत लोगो शिकलेल्यांना पडद्यावरचं ते छोटं त्रिकोणी कासव आठवेल. 'पुढे १००, उजवीकडे ९०' म्हटलं की रेघ ओढायचं. पॅपर्ट यांचा आग्रह असायचा की मूल अडलं तर त्याने स्वतः कासव व्हावं, खोलीत चालून पाहावं आणि मग सूचना लिहावी.

माइनक्राफ्टच्या कासवाची भाषा लुआ. ती १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओ द जनेरोच्या विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र. इतकी लहान आणि हलकी भाषा, की कोणत्याही खेळाच्या पोटात सहज मावते.

तास धरून चालणं

भाच्याच्या कासवाचा पहिला दिवस फसला. शेत ओळीओळीने पार करायचं, म्हणून त्याने लिहिलं: आठ पावलं पुढे जा, उजवीकडे वळ, एक पाऊल टाक, पुन्हा उजवीकडे वळ, आठ पावलं चाल. कासव पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत आलं. मग त्याच सूचनेने दुसऱ्या ओळीतून पुन्हा पहिल्या ओळीत गेलं. दहा मिनिटं ते दोनच ओळींत गोल फिरत राहिलं आणि सात ओळी तशाच पडून राहिल्या.

भाचा उठला आणि खोलीच्या फरशीवर स्वतः चालू लागला. पॅपर्ट यांनी सांगितलेला उपाय त्याला कोणी शिकवला नव्हता. फरशीच्या टोकाला पोचल्यावर त्याला उमगलं: पहिल्या टोकाला उजवीकडे वळायचं, दुसऱ्या टोकाला डावीकडे, तिसऱ्या टोकाला परत उजवीकडे. म्हणजे ओळ विषम की सम, हे कासवाने लक्षात ठेवायला हवं.

वखराला जुंपलेली बैलजोडी हे कित्येक पिढ्या करत आली आहे. एक तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, संपलं की धुऱ्यावर वळायचं आणि शेजारच्या तासाने उलट यायचं. प्राचीन ग्रीक लोक कधी कधी शिलालेखही असेच कोरायचे, एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे. त्या लेखनपद्धतीच्या नावाचा अर्थच 'बैल वळतो तसं' असा आहे. शेत नांगरणारा बैल लिहिणाऱ्याच्या हातात उतरला, आणि तीन हजार वर्षांच्या आत संगणकातल्या कासवाच्या पायातही.

दुसरी फजिती इंधनाची. कासवाला कोळसा लागतो. एका कोळशावर ते ८० पावलं चालतं, वळण्याला मात्र काही खर्च नाही. आता हिशोब बघा. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत आठ पावलं, म्हणजे ७२. एका ओळीतून दुसरीत जायची आठ पावलं. एकूण बरोबर ८०. भाच्याने एक कोळसा घातला, कासवाने सगळं शेत कापलं आणि शेवटच्या घरावर जाऊन निश्चल झालं. पोटात गहू भरलेला आणि धान्याची पेटी समोरच्या कोपऱ्यात, १६ पावलं लांब. परतीचा विचारच झाला नव्हता. खरी फेरी ९६ पावलांची होती. म्हणजे ६ कोळशांत नेमक्या ५ फेऱ्या.

मग त्याने सुरुवातीलाच एक प्रश्न घातला: फेरी पुरी करून परत येण्याइतकं इंधन आहे का? नसेल तर जागचं हलूच नको. बैलगाडी घेऊन बाजाराला निघणारा माणूस परतीचा चारा गाडीत टाकतो, ते तो कोणाला शिकवत बसत नाही. कासवाला मात्र शिकवावं लागलं.

पीक चिठ्ठीवर वाढतं

आता माझ्या मते या शेतातली सगळ्यात सुंदर गोष्ट. पीक वाढतं कसं?

खेळाच्या जावा आवृत्तीत जग १६ बाय १६ बाय १६ घरांच्या मोठ्या ठोकळ्यांत विभागलेलं असतं. अशा एका ठोकळ्यात ४,०९६ घरं. खेळ सेकंदात २० वेळा श्वास घेतो, आणि प्रत्येक श्वासाला प्रत्येक ठोकळ्यातली ३ घरं चिठ्ठी टाकून निवडतो. म्हणजे सेकंदाला ६० चिठ्ठ्या. ४,०९६ला ६०ने भागा. कोणत्याही एका घराचा नंबर सरासरी ६८ सेकंदांनी लागतो. नंबर लागला आणि त्या घरात पीक असलं, तर दुसरी चिठ्ठी पडते: वाढायचं की नाही?

ही दुसरी चिठ्ठी किती उदार असेल, ते शेतकऱ्याच्या हातात आहे. ओल्या जमिनीवरचं रोप कोरड्या जमिनीवरच्यापेक्षा लवकर वाढतं. पाण्याचं एक घर चारही बाजूंना आणि तिरक्या दिशांनाही चार-चार घरं भिजवतं. म्हणून शेत नऊ बाय नऊ आणि पाणी अगदी मधोमध. ८१ घरांतली ८० पिकाची, एक विहिरीचं. आजूबाजूची आठही घरं नांगरलेली आणि ओली असली, की रोपाला आणखी बळ मिळतं.

आणि मग एक नियम, जो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. एकाच जातीचं पीक रोपाच्या आजूबाजूला दाट लावलं, म्हणजे ते पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे दोन्हीकडे असलं किंवा तिरक्या कोपऱ्यात असलं, तर वाढीची शक्यता निम्मी होते. पण एक ओळ गव्हाची, एक ओळ गाजराची, पुन्हा गव्हाची अशी पेरणी केली, तर शक्यता पूर्ण राहते.

आकड्यांत पाहू. चांगल्या ओल्या जमिनीत, आड ओळीने पेरलेल्या शेताच्या आतल्या घरातल्या रोपाला दर तीन वेळा नंबर लागला की एकदा वाढ मिळते. गव्हाला पेरणीपासून पिकेपर्यंत सात पायऱ्या चढायच्या असतात. सात गुणिले तीन गुणिले ६८ सेकंद, साधारण २४ मिनिटं. तेच शेत सलग गव्हाचं केलं, तर सहा वेळा नंबर लागल्यावर एकदा वाढ, म्हणजे साधारण ४८ मिनिटं. पाणी तेच, जमीन तीच. फक्त ओळी बदलल्या आणि वेळ निम्म्यावर आला.

आमच्याकडे कपाशीच्या काही ओळींमागे तुरीची ओळ टाकतात. तिची कारणं मातीतली आहेत: तुरीचं मूळ खोल जातं, ती जमिनीला नत्र देते, आणि एक पीक गेलं तर दुसरं हाताला लागतं. खेळातल्या नियमाचा या मातीशी संबंध नाही. पण खेळ रचणाऱ्याने शेताचा काहीतरी गुण ओळखला होता, आणि तो नियमात बांधून ठेवला होता. भाच्याने कासवाला शिकवलं: विषम ओळीत पहिल्या कप्प्यातलं बी, सम ओळीत दुसऱ्या कप्प्यातलं. तिफणीच्या चाड्यात कोणतं बी सोडायचं, हे हात ठरवतो तसंच.

खाली पाहणं

पीक चिठ्ठीवर वाढतं म्हणून ते एकाच वेळी पिकत नाही. शेजारी शेजारी लावलेली दोन रोपं, एक पिवळं झालेलं, दुसरं अजून हिरवं. इथेच आईचं वाक्य कामाला येतं.

कासव डोळे झाकून सगळं कापत सुटलं, तर न पिकलेल्या रोपातून फक्त पेरलेलं बी परत मिळतं, गहू नाही. तेवढा वेळ वाया. पिकलेल्या रोपातून मात्र एक गहू आणि १ ते ४ बिया मिळतात. त्यातलं एक बी तिथेच परत पेरायचं, बाकीचं पेटीत. म्हणून प्रत्येक घरावर थांबून खाली पाहायची एक सूचना आहे. ती दिली की कासव सांगतं: इथे गहू आहे, आणि त्याचं वय ४ आहे. वय ०पासून ७पर्यंत मोजतात. ७ झालं की कापायचं.

एक थांबा, एक नजर, एक निर्णय. ८० घरांवर ८० वेळा, मग पुन्हा पहिल्यापासून. भाच्याचं कासव पहिल्यांदा एकही चूक न करता फेरी पुरी करून पेटीपाशी आलं, गहू आत ओतला आणि परत पहिल्या घरावर जाऊन उभं राहिलं, तेव्हा आम्ही दोघं काही न बोलता नुसते पाहत राहिलो. शेत स्वतःच स्वतःला पेरत होतं आणि कापत होतं.

कालचं तास कुठे सुटलं

मग भाचा खेळातच दूरवर डोंगर खोदायला निघून गेला. परतला तेव्हा कासव शेताच्या मधोमध उभं होतं, एका जागी.

कारण असं: खेळाडू दूर गेला की खेळ मागचा भाग आवरून ठेवतो, नाहीतर संगणकावर फार ओझं येईल. तो भाग आवरला की कासवही झोपतं. खेळाडू परत आला की ते जागं होतं, पण चालू सूचना अर्धवट सोडून, आणि आपण कुठे होतो हे विसरून. स्वतःला पहिल्या घरावर समजून ते चालायला लागलं असतं, तर शेताबाहेर भरकटलं असतं.

उपाय दोन आहेत. एक, कासवाने प्रत्येक पाऊल टाकण्याआधी आपली ओळ, घर आणि तोंड कोणत्या दिशेला आहे ते फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि जागं झालं की आधी ती वही वाचायची. दुसरा उपाय जास्त देखणा: उंचावर चार संगणक चार ठिकाणी बसवायचे. कासव चौघांना हाक मारतं, चौघांपासूनचं आपलं अंतर कळतं, आणि चार अंतरांवरून आपली नेमकी जागा काढतं. आपल्या फोनमधला नकाशा आकाशातल्या उपग्रहांना विचारून हेच करतो. भारताच्या नाविक उपग्रहांचं कामही याच तत्त्वावर चालतं.

भाच्याने पहिला उपाय निवडला. संध्याकाळी वखर तासातच आडवा टाकून घरी येणाऱ्या माणसाला सकाळी कुठून सुरुवात करायची हे विचारावं लागत नाही. वखरच त्याची वही असतो.

पडद्याबाहेरचं शेत

हे खेळापुरतंच आहे का? इंग्लंडमध्ये हार्पर ॲडम्स विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ साली एक हेक्टर सातू पेरणीपासून कापणीपर्यंत असा पिकवला की शेतात माणसाने पाऊलच ठेवलं नाही. साध्या ट्रॅक्टरला त्यांनी ड्रोनचा चालक-संगणक जोडला होता. साडेचार टन सातू निघाला. अमेरिकेत फार्मबॉट नावाचं यंत्र आहे. वाफ्याच्या दोन्ही बाजूंना रूळ, त्यावर सरकणारा हात. बी टोचतो, पाणी देतो, तण दाबतो. त्याला सूचना लिहिण्याची एक भाषा कोणती, तर लुआ. भाच्याचं कासव ज्या भाषेत गहू कापतं, त्याच भाषेत खऱ्या मातीत बी पडतं.

आणि आमच्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्रांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. इथे बनलेले ट्रॅक्टर ट्रकवर चढून दूर जाताना मी कितीदा पाहिले आहेत. ओढायची ताकद त्यांच्यात भरपूर आहे. तास धरून सरळ चालणंही यंत्रांना जमू लागलं आहे. अडतं ते पुढे, खाली पाहण्यात.

कपाशीचंच घ्या. तिला आठवड्यांमागून आठवडे फुलं येत राहतात, म्हणून बोंडंही खालून वर टप्प्याटप्प्याने फुटतात. एकाच झाडावर फुटलेलं बोंड, हिरवं बोंड आणि पाती, म्हणजे कळ्या, एकत्र असतात. म्हणून आपल्याकडे तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. नागपूरला १९७६पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ बुटकी, आटोपशीर झाडं दाट लावण्यावर काम करतात. बोंडं जितकी एका वेळी फुटतील, तितकं यंत्राने वेचणं सोपं होईल. म्हणजे यंत्राला पाहायला शिकवणं अवघड आहे, म्हणून झाडालाच थोडं बदलायचं.

त्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आई खोलीत आली आणि कासवाकडे पाहत उभी राहिली. "तासानं चालते न बाप्पा हे," ती म्हणाली. मग भाच्याने तिला सातच्या आकड्याची गोष्ट सांगितली. वय ७ झालं की कापायचं.

आईने विचारलं, "आन् कापसाले असं करता येते का?"

"येते न आजी. फुटलं असन तं वेचायचं."

"दव वाळलं का नाही, ते कोण पाह्यते?"

भाचा थांबला. सकाळचं दव वाळल्याशिवाय कापूस वेचत नाहीत, ओला कापूस पिवळा पडतो, हे त्याला माहीत नव्हतं. आई सांगू लागली. बोंड नुसतं तडकलं आहे की पुरतं फुललं आहे. कवडी, म्हणजे खराब कापूस, असेल तर वेगळी ठेवायची. सुकी पत्ती कापसाला चिकटून येऊ द्यायची नाही. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबायचं. बोटं कशी लावली म्हणजे बोंडाच्या टोकाने ओरखडत नाहीत. भाच्याने वही ओढली आणि एकेका गोष्टीला क्रमांक देऊन लिहायला लागला.

इतकी वर्षं मला वाटायचं, आई बायांना एक वाक्य सांगते. ती एका वाक्यात किती सांगत होती, हे त्या वहीने दाखवलं. भाच्याने पान उलटलं तेव्हा क्रमांक चौदा झाला होता, आणि आई अजून पहिल्या वेचणीबद्दलच बोलत होती.